मिस्त्रीची नळी

ती घटना आठवली की मला आधी शेख जमादार आठवतात. या लेखात मी आरोपीचे, जखमीचे किंवा गावाचे नाव लिहिणार नाही. नोकरीत पाळलेला नियम निवृत्तीनंतर मोडण्याचे कारण नाही. पण शेख जमादारांचे नाव लिहिल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही, कारण मला पोलीस त्यांनी केले.

माझे शिक्षण वालूरच्या शाळेत आणि पुढे सेलूच्या कॉलेजात झाले. आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. परीक्षा देऊन फौजदार झालो, बढती मिळाली आणि गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो. कायद्याची कलमे पाठ होती. पण साक्षीदार खोटे बोलताना हात कुठे ठेवतो, पंच म्हणून कोणाला घ्यावे, कोणाला घेऊ नये, हे कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. ते शेख जमादारांनी शिकवले. ही घटना घडली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला जेमतेम दोन महिने राहिले होते. मी लिहिलेला प्रत्येक पंचनामा ते चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि नको असलेल्या शब्दावर पेन्सिलीने हलकी रेघ ओढायचे. अधिकारी मी होतो, पण त्या रेघेचा धाक मला वाटायचा.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळची हजेरी आटोपली आणि जमादार चौकातल्या टपरीवरून चहा घेऊन आले. येताना एक बातमीही घेऊन आले. नदीकाठच्या एका गावचा चाळिशीचा शेतकरी परभणीच्या सरकारी दवाखान्यात होता. उजवा डोळा गेला होता आणि डावा तळहात फाटला होता. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर फुटला, असे घरच्यांनी दवाखान्यात लिहून दिले होते. पण टपरीवर त्याच गावचा दूधवाला कुरकुरत होता की गावची विजेची डीपी जळून सहा दिवस झाले, जनावरांना पाणी पाजायचे वांधे झालेत.

"साब, लाईट नाही तर स्टार्टर फुटला कशानं?" जमादार म्हणाले. "रागानं?"

आम्ही दवाखान्यात गेलो. जखमी झोपेच्या औषधात होता. डॉक्टरांनी कागदावर बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती, गालाच्या कातडीत काळे कण रुतलेले आहेत. खाटेपाशी त्याचा धाकटा भाऊ बसला होता. तो ऊसतोडीला गेला होता, खबर मिळताच कारखान्याच्या तळावरून परत आला होता. त्याने आधी स्टार्टरचीच गोष्ट सांगितली. जमादारांनी डीपीची चौकशी केली, तसा तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. मग म्हणाला की घरात वडिलांच्या काळातली ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांना हुसकायला वापरतात, तीच फुटली. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची जुनी बंदूक. पूर्वी पीकराखणीसाठी तिचे परवाने मिळत. वडील वारले आणि परवाना कोणी आपल्या नावावर करून घेतला नव्हता. हे सांगून झाल्यावर त्याने, मी काही विचारायच्या आधीच, एक नाव घेतले. बंदूक अमुक गावच्या मिस्त्रीने केली आहे आणि त्याने नळी कच्ची केली, म्हणून दादाचा डोळा गेला.

मला आनंद झाला. तपासात नाव मिळाले की अधिकाऱ्याला आनंद होतोच. परत येताना जमादार एवढेच म्हणाले, "न विचारता दिलेलं नाव हाय, साब." मी ते ऐकले आणि सोडून दिले.

बंदूक कडब्याच्या गंजीत लपवलेली सापडली. मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर नळी फाटली होती आणि तिच्याखालचे लाकूड चिरले होते. जप्त करून सील लावले आणि दुसऱ्या दिवशी पंच घेऊन मिस्त्रीच्या गावी गेलो.

मिस्त्री म्हणजे सत्तरी ओलांडलेले लोहार. गावात लहान-मोठा प्रत्येक जण त्यांना मिस्त्रीच म्हणे. आम्ही गेलो तेव्हा ते विळ्यांना धार लावत बसले होते. झडतीत एक ऐरण, एक भाता, काही कानशी, हाताने फिरवायचा लांब बरमा, बंदुकीच्या दस्त्याचे दोन लाकडी फर्मे आणि एक मोडका घोडा एवढे मिळाले. बंदूक नाही, दारू नाही, छर्रा नाही. मी पंचनामा सांगू लागलो आणि जमादार लिहू लागले. "सदर ठिकाणी देशी बंदुका तयार करण्याचा कारखाना आढळून आला" असे मी म्हणालो, तेव्हा त्यांचा पेन थांबला. मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "साब, एक भट्टी, एक भाता आणि एक म्हातारा. याला तुमी कारखाना लिवायलाव. कारखान्याला भोंगा तरी लागतो."

मी म्हणालो, लिहा. ठाण्याचा प्रभारी मी होतो. त्यांनी लिहिले, मी सही केली.

दुसऱ्या दिवशी तो शब्द एका वर्तमानपत्रात मथळा होऊन आला. वरून कौतुकाचा फोन आला. मी ते कात्रण कापून ठेवले होते, हे लिहायला आज मला संकोच वाटतो.

मिस्त्रींना अटक करून ठाण्यात आणले. चौकशीत मी त्यांना अरे-तुरे करत होतो. बंदूक तू केलीस का? व्हय. ही नळी तुझी? माझीच. आणखी किती केल्यास? लायसन होतं तवर करत व्हतो, मग सोडून दिलं. लायसनचा कागद कुठे आहे? तो पुरात गेला, घरात पाणी शिरलं तवा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर सरळ येत होते आणि प्रत्येक उत्तराने ते स्वतःभोवती फास आवळत होते. मध्येच त्यांनी मला विचारले, "सायेब, नळी फुटली कुठं?"

प्रश्न मी विचारायचे, तू नाही, असे मी त्यांना दरडावले. तासाभराने त्यांनी पुन्हा तेच विचारले. तिसऱ्या वेळी मी उठून बाहेर आलो.

व्हरांड्यात जमादार स्टेशन डायरी भरत होते. वर न बघता म्हणाले, "मी लय लोक आत बसवले, साब. आत बसलेला प्रत्येक माणूस विचारतो, माझं काय होणार. हा माणूस विचारायलाय, नळीचं काय झालं."

तोवर मिस्त्रींचा जामीन नामंजूर झाला होता. न्यायालयाने कारण दिले ते पंचनाम्यातल्या माझ्या शब्दाचे. बंदुकांचा कारखाना चालवणाऱ्याला कोण बाहेर सोडेल? शस्त्र कायद्याखाली बंदुका बनवण्याचे कलम लागले की अनेक वर्षांची शिक्षा होते. त्या वयात ती संपवून कोणी घरी येत नाही. हे मला माहीत होते, आणि मिस्त्रींनाही त्यांच्या वकिलाने सांगितले होते.

बंदूक तज्ज्ञांकडे पाठवायची होती. त्याआधी न्यायालयाची परवानगी घेऊन, दोन पंचांसमक्ष सील उघडून आम्ही ती मिस्त्रींना दाखवली. हा सल्ला जमादारांचाच होता. मिस्त्रींनी आधी हात धुवायला पाणी मागितले. धुतलेले हात धोतराला पुसले आणि नळी मांडीवर घेतली. म्हातारा घरातल्या आजारी माणसाला हात लावतो, तसे त्यांनी तिला चाचपले. फाटलेल्या कडेवरून अंगठ्याचे नख हळूहळू फिरवले.

मग त्यांनी आम्हाला जवळ बोलावले. त्यांची नळी अखंड नळकांड्याची नसे. लोखंडाची पट्टी तापवून वेटोळ्यासारखी गुंडाळायची आणि ठोकून ठोकून एकजीव करायची. एका नळीला महिना जाई. आतून बरम्याने सरळ करायला आणखी पंधरा दिवस. गिऱ्हाईक घाई करू लागले तर ते त्याला परत पाठवत. नवी बंदूक तयार झाली की तिचा पहिला बार ते स्वतःच्या खांद्याला लावून टाकत, आणि तेव्हा गिऱ्हाइकाला पन्नास पावले लांब उभे करत.

"हा बगा जोड," ते म्हणाले. "वेटोळं दिसतंय न्हवं? माझं काम कच्चं असतं तर नळी ह्या वेटोळ्यावर उलगडली असती. हितं जोड हाय तसाच हाय. फाटलंय ते लोखंड, जोडाला आडवं." नंतर जमादारांकडे वळून, जणू त्यांचीच खात्री पटायला हवी होती, म्हणाले, "म्हंजी त्याचा डोळा माझ्यामुळं गेला न्हाई."

मी आयुष्यात पुष्कळ आरोपींना सुटकेचा श्वास सोडताना पाहिले आहे. हा माणूस अजून कोठडीत होता, सुटण्याची काही खात्री नव्हती, आणि तरी त्याने तो श्वास सोडला.

मग त्यांनी पंचांसमोर स्क्रू काढून लाकूड वेगळे केले आणि नळीच्या पोटाकडचा ठोकलेला क्रमांक दाखवला. लायसन असताना केलेल्या प्रत्येक नळीवर क्रमांक असे आणि त्याची नोंद कलेक्टर कचेरीत होई, असे ते म्हणाले. आणि त्यांनी विचारले, "गज कुठाय?"

गज जप्तच केला नव्हता. त्याची कोणाला आठवणच झाली नव्हती.

मिस्त्री चिडले. बंदूक आणली आणि गज नाही, म्हणजे कुलूप आणले आणि किल्ली नाही, असे काहीतरी ते पुटपुटले. त्यांच्या प्रत्येक गजावर कानशीने पाडलेली एक खाच असे. एक बार भरून गज आत सोडला की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येई. भरण्याआधी गज घालून बघायचा. तो आत पूर्ण गेला तर नळी रिकामी. खाचेपाशी अडला तर आत बार आहे, वर पुन्हा भरायचा नाही, कारण दोन बार एकदम पेटले की चांगली नळीही फाटते. अंधारात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खाच बोटाला लागेल अशी खोल ठेवलेली. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते हे दोन-दोनदा करून दाखवत आणि मगच बंदूक हाती देत.

जमादार कलेक्टर कचेरीत दोन दिवस बसले. धुळीने त्यांना खोकला झाला, पण नोंदवही सापडली. क्रमांक जुळला. बंदूक मिस्त्रींचा परवाना चालू असतानाची होती आणि त्या दोन भावांच्या वडिलांच्या नावे रीतसर दिलेली होती.

मी शेतावर गेलो. तिथल्या खोपीत मिळाला तो गज म्हणजे बांधकामाची साधी सळई होती. तिच्यावर खूण नव्हती. घरी जखमीच्या बायकोला विचारले, तर तिने गोठ्यात नेऊन वासराची खुंटी दाखवली. जमिनीत ठोकलेला तो अर्धा तुकडा मिस्त्रींच्या गजाचा होता आणि त्यावर खाच होती. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याने त्या गजाने बांधावरचा दगड उचकटला, तेव्हा गज मोडला. मग सोनपेठच्या बाजारातून सळईचा तुकडा आणला.

"मिस्त्रीकडं का गेले नाहीत?" मी विचारले.

"जातू जातू म्हणायचे," ती म्हणाली. "पर मिस्त्री लय बोलतेत. दगड उचकटला म्हणून सांगितलं असतं तर बंदूकच हिसकून घेतली असती."

ठाण्यात मी ते जमादारांना सांगितले. म्हाताऱ्याच्या बोलण्याला भिऊन माणसाने डोळा गमावला होता. आपल्या भागात असे होते. डॉक्टर रागावतील म्हणून रोगी दुखणे लपवतो, मास्तर रागावतील म्हणून पोरगा शाळा बुडवतो. नीट शिकवणाऱ्याचाच लोकांना जास्त धाक असतो.

पण दोन बार भरले कोणी? आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. आता थोरला शुद्धीवर होता, डोळ्यावर पट्टी होती. मी गजाचा अर्धा तुकडा खाटेवर ठेवला आणि जमादारांनी धाकट्याला खाली बसायला सांगितले. त्याला ना दरडावले ना हात लावला. फक्त विचारले, तळावर निघायच्या आदल्या रात्री राखणीला कोण होते.

तो रडायला लागला. राखणीला तोच होता. त्याने बार भरून ठेवला, पण डुकरे आली नाहीत. एरवी सकाळी तो बार हवेत उडवून बंदूक रिकामी करी. त्या सकाळी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक गावात येऊन हॉर्न वाजवत होता. त्याने बंदूक खोपीत टांगली आणि पळाला. दुसऱ्या रात्री थोरला राखणीला आला. त्याने सळई घालून पाहिली असेल-नसेल, तिच्यावर खूणच नव्हती. त्याने वरून बार भरला. तळावर फोन आला त्याच क्षणी धाकट्याला सगळे कळले होते.

थोरला छताकडे बघत पडला होता. एक डोळा उघडा, एक पट्टीखाली. मला वाटले तो शिवी देईल.

"ट्रक वाजवत व्हता," तो म्हणाला. "तू तरी काय करशील. पर मिस्त्रीचं नाव का घेतलंस?"

"तुमी मला घरात घेतलं नसतं, दादा."

"तुला घेतलं असतं," थोरला म्हणाला. "आता त्यांच्याकडं कोणत्या तोंडानं जाऊ?"

दोघांचे जबाब लिहून घेतले. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल थोरल्यावर दोषारोप ठेवावाच लागला, त्यात माझा इलाज नव्हता. तज्ज्ञांचा अहवालही मिस्त्रींनी सांगितले तसाच आला. मिस्त्रींविरुद्ध पुरावा नाही, त्यांना सोडावे, असा कलम १६९ प्रमाणे अहवाल मला न्यायालयात द्यायचा होता.

त्या महिनाअखेरीस शेख जमादार निवृत्त झाले. हार, नारळ, चहा झाला आणि ते पिंगळीला आपल्या घरी गेले. त्यानंतर माझे लिहिणे तपासायला ठाण्यात कोणी उरले नाही. वरिष्ठांनी मला बोलावून विचारले की एकदा कारखाना म्हणता, आता नाही म्हणता, ठाण्याची शोभा होते हे कळते का. पंचनाम्याबद्दल अहवालात न बोलता पुरावा अपुरा एवढेच लिहिण्याची वाट मोकळी होती. मिस्त्री कदाचित तरीही सुटले असते, संशयाचा डाग घेऊन.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो की कारागिराला त्याच्या कामाबद्दल विचारा आणि उत्तर देताना मध्ये बोलू नका. आणि आपली चूक लिहायची वेळ आली तर ती पहिल्याच ओळीत लिहा, शेवटच्या ओळीपर्यंत धीर टिकत नाही. बाकी जे सांगायचे ते मी त्या वेळी जमादारांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्यांच्या मुलाने ते जपून ठेवले होते आणि मला परत दिले. ते इथे तसेच देतो.

"माननीय शेख जमादार यांना सलाम.

तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. पिंगळीची हवा मोकळी आहे, पण धुळीत बसू नका.

काल मिस्त्री सुटले. न्यायाधीश साहेबांनी मला उभे करून विचारले की पंचनाम्यात कारखाना लिहिला आहे आणि अहवालात नाही म्हणता, यातले खरे कोणते. मी सांगितले की मी तिथे एक ऐरण आणि एक भाता पाहिला, कारखाना पाहिला नाही. तो शब्द माझा आहे आणि लिहिणाऱ्या जमादारांनी मला त्याच वेळी अडवले होते. साहेबांनी बराच वेळ लिहून घेतले. माझ्यावर ताशेरा असेल असे वाटते. असो.

एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता केली. अहवालाच्या शेवटी एक वाक्य घातले. 'नळीचा जोड शाबूत असून मिस्त्रीच्या कारागिरीत कोणताही दोष आढळून येत नाही.' सुटकेसाठी या वाक्याची कायद्यात गरज नाही. तुम्ही असतात तर रेघ ओढली असतीत. मी ते ठेवले. साहेबांनी ते मोठ्याने वाचले, तेव्हा मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिले नाही, मला धीर झाला नाही.

बाहेर आल्यावर मी मिस्त्रींची माफी मागितली. ते म्हणाले, ते ऱ्हाऊ द्या, तो कागद मिळंल का. नक्कल मिळायला दुपार झाली. तोवर ते आवारातल्या लिंबाखाली बसून राहिले. गावाकडची एसटी समोरून गेली तरी उठले नाहीत. थोरला भाऊ फाटकाबाहेर उभा होता, आत यायला धजत नव्हता. मिस्त्रींनीच त्याला हाक मारून शेजारी बसवले आणि, तुम्हाला खोटे वाटेल, गज मोडल्याबद्दल त्याला अर्धा तास बोलले. तो मान खाली घालून सगळे ऐकत होता.

नक्कल हातात दिल्यावर मिस्त्री म्हणाले, 'कुठं लिवलंय ते दाखवा.' मी ओळ दाखवली. मग त्यांनी तो कागद माझ्याकडून थोरल्याच्या हातात दिला आणि म्हणाले, 'तुला एका डोळ्यानं वाचता येतंय न्हवं? वाच.'

त्याने वाचले. पुन्हा वाच म्हणाले, त्याने पुन्हा वाचले. नंतर दोघे एकाच गाडीने गेले.

आपला,
तुमच्या हाताखाली शिकलेला अधिकारी"